पंपाचा बदली पंखा : किंमत कशाने मोजावी?

आपल्या संघाच्या स्मरणिकेत दरवर्षी कोणी करपद्धतीवर लिहितो, कोणी पेढीच्या जमाखर्चावर, तर कोणी जुन्या बाजारपेठेच्या आठवणी सांगतो. त्या मानाने माझा विषय फारच लहान आहे. वीतभर रुंदीच्या एका ओतीव चकतीविषयी मी लिहिणार आहे. कारखानदार तिला इंपेलर म्हणतात. आमच्या गिऱ्हाइकांच्या तोंडी ती ‘पंपाचा पंखा’ आहे, आणि हेच नाव मला अधिक अर्थवाही वाटते. हा पंखा झिजला किंवा फुटला म्हणजे त्या जागी दुसरा कोणता घ्यावा, आणि कमी पैशात घ्यावयाचा असल्यास काय पाहून घ्यावा, एवढाच ह्या लेखाचा विषय.

विषय लहान असला तरी तो आपल्यापैकी पुष्कळांच्या घरचा आहे. आपल्या सभासदांत मशिनरीची दुकाने असणारे आहेत, तसेच पेढी निपाणीत आणि मळा वेदगंगेच्या वा दूधगंगेच्या काठी अशी दोन दरडींवर पाय असलेली कुटुंबेही पुष्कळ आहेत. पूर्वी ह्या भागाचे मुख्य पीक तंबाखू होते, आणि तंबाखू बहुतांशी पावसाच्या ओलीवर निघत असे. उसाचे तसे नाही. त्याला बारमाही पाणी लागते, आणि ते नदीतून किंवा विहिरीतून वर चढवावे लागते. ऊस जसजसा पसरला तसतसा काठाकाठाने पंप उभा राहिला, आणि पंपाबरोबर हा पंखाही आपल्या जमाखर्चात येऊन बसला.

पंख्याचे काम काय, हे प्रथम नीट समजून घेऊ. आगबोटीच्या मागे असणारा पंखा पाणी मागे लोटतो आणि त्या रेट्याने बोट पुढे जाते. पंपाचा पंखा त्याचाच भाऊबंद होय. फरक एवढाच की तो पाणी मागे न लोटता मध्यभागी ओढून घेतो आणि कडेकडे भिरकावतो. गोफणीतून दगड सुटावा तसे पाणी पंख्याच्या कडेवरून सुटते. कवचात शिरल्यावर त्या वेगाचे दाबात रूपांतर होते आणि तो दाब पाण्याला नळातून वर चढवितो. म्हणजे पाणी किती उंच चढेल हे पंख्याच्या कडेच्या वेगावर अवलंबून आहे, आणि कडेचा वेग दोन गोष्टींवर : मिनिटाला फेरे किती आणि पंख्याचा व्यास किती. मोटारीचे फेरे ठरलेले असतात. उरतो तो व्यास. १६० मिलिमीटर व्यासाचा पंखा मिनिटाला २८८० फेरे घेत असेल तर त्याची कड सेकंदाला २४ मीटर वेगाने धावते. व्यास शेकडा १ ने घटला तर पाणी चढविण्याची ताकद शेकडा सुमारे २ ने घटते, आणि मोटारीवरील भार शेकडा सुमारे ३ ने. व्यास वाढला तर हाच हिशेब उलट लागू होतो. पुढील सर्व विवेचन ह्या एका वाक्यावर उभे आहे.

मला हे सर्व आधी कळत होते असे मात्र नाही. ते शिकण्यास मला एका गिऱ्हाइकाचे नुकसान करावे लागले.

२०१९ च्या ऑगस्ट महिन्यात आलेला महापूर कोणी विसरलेले नाही. यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी महामार्गावर आले होते, आणि काठावरचे पंप आठ-आठ दिवस पाण्याखाली होते. पूर ओसरल्यावर लोकांनी गाळात रुतलेले पंप उपसून काढले आणि एकच गर्दी झाली. मोटारी गुंडाळणाऱ्यांकडे रात्रंदिवस काम चालू होते. आमच्या दुकानात मूळ कंपनीचे पंखे चार दिवसांत संपले. पुढचा माल केव्हा येईल हे कोणी सांगेना. अशा वेळी एक फिरता विक्रेता पोतेभर बदली पंखे घेऊन आला. किंमत मूळ पंख्याच्या निम्म्याहूनही कमी होती. भोक बरोबर, चावीची खाच बरोबर, दिसावयासही चकचकीत. मी ते घेतले, आणि गरजवंतांची सोय केली ह्या समाधानात विकलेही.

फेब्रुवारीत आमचे एक जुने गिऱ्हाईक, वयोवृद्ध शेतकरी, दुकानात येऊन बसले. रागावले नाहीत. चहा घेतला आणि म्हणाले, “शेठ, पंखा नवा, पण पाणी म्हातारं झालंय. शेवटच्या सरीला पोचतच नाही.” मी म्हणालो, “आप्पा, फूट व्हॉल्व्ह बघितला का? गाळ असेल.” ते म्हणाले, “दोनदा बघितला. तुम्हीच एकदा या.”

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या मळ्यात गेलो. पंप साडेसात अश्वशक्तीचा. त्याच्या पत्रीवर सेकंदाला १० लिटर पाणी आणि २६ मीटर, म्हणजे सुमारे ८५ फूट, चढ असे लिहिलेले. आम्ही नळाच्या तोंडाशी दोनशे लिटरचे पीप ठेवले आणि घड्याळ धरले. वीस सेकंदांत भरावयास हवे होते, पंचवीस लागले. सेकंदाला आठच लिटर. पंप उघडून पंखा मोजला, तर १६० च्या जागी १५५ मिलिमीटर. पाच मिलिमीटर म्हणजे बोटाचे अर्धे पेरही नव्हे. पण वर सांगितलेल्या हिशेबाने चढविण्याची ताकद शेकडा ६ ने कमी झाली होती. ८५ फुटांतील पाच फूट गेले होते. वाचक म्हणतील, ताकद शेकडा ६ ने गेली तर पाणी शेकडा २० ने कसे घटले? कारण नदीपासून मळ्यापर्यंतचा चढ काही कमी झाला नव्हता. पंख्याच्या ताकदीचा मोठा हिस्सा त्या चढातच खर्च होतो. पाणी नळातून वेगाने वाहते ते उरलेल्या थोड्याशा ताकदीवर. घट झाली ती त्या थोड्याशातूनच झाली. ज्याची मिळकत बरीचशी व्याजातच जाते त्याची मिळकत शेकडा ६ ने घटली तर घरखर्चास किती ओढ लागते, हे व्यापाऱ्यास समजावून सांगावयास नको.

हे पाच मिलिमीटर गेले कुठे? ह्याचे उत्तर ओतशाळेत आहे. धातू थिजताना आकसतो, म्हणून ओतकामाचा लाकडी नमुना मूळ वस्तूहून थोडा मोठा करावा लागतो. बिडासाठी शेकडा सुमारे १, गनमेटलसाठी दीडच्या आसपास. परंतु नकली माल करणारा नमुना तयार करीत नाही. तो बाजारातला एक पंखा उचलतो आणि तोच वाळूत दाबून साचा घेतो. येणारा पंखा शेकडा दीड लहान. पुढे तिसरा कोणी त्या नकलेची नकल करतो. तो आणखी दीड लहान. १६० चे दोन पिढ्यांत १५५ होतात. कवचाच्या आत हे कोणास दिसत नाही. शिवाय पाती पातळ ओतणे कठीण असते, म्हणून ती जाड ठेवतात. त्यामुळे दोन पात्यांमधील पाण्याची वाट अरुंद होते. बाहेरची कड लेथवर चढवून साफ करता येते, पण आतल्या वाटा गाभ्याने घडतात आणि तेथे हत्यार पोचत नाही. विकत घेताना आपण भोक, खाच आणि चकाकी पाहतो. आणि ज्यासाठी पैसे मोजतो ती वाट तेवढी पाहत नाही.

येथे एक गैरसमज होऊ नये म्हणून लिहितो. स्थानिक ओतकाम म्हणजे नकली माल, असे माझे मुळीच म्हणणे नाही. उलट ह्या कामाचा वारसा आपल्याच भागाचा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर ह्यांनी १८८८ साली सायकलींचे दुकान काढले ते बेळगावातच. पुढे कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर ह्यांस तेथूनच आरंभ झाला. बेळगावातील जागा सोडणे भाग पडल्यावर १९१० साली औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली, आणि १९२६ साली तेथून पंप बाहेर पडू लागले. आज बेळगावच्या उद्यमबाग परिसरात आणि आसपास शंभराच्या वर ओतशाळा आहेत. मोटारगाड्यांचे, पंपांचे, हायड्रॉलिक यंत्रांचे सुटे भाग तेथून देशभर आणि देशाबाहेर जातात. कोल्हापूरकडे शिरोली आणि गोकुळ शिरगावातही तेच. निपाणीच्या व्यापाऱ्यास ह्या दोन्ही ठिकाणी सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येते. जो कारागीर नकाशावरून नमुना करतो, आकसण्याची सूट ठेवतो आणि पंखा तोलून देतो, त्याचा माल मूळ कंपनीच्या मालाहून स्वस्त पडूनही कामास उतरतो. त्याला विचारावयाचा प्रश्न एकच : “नमुना कशावरून केला?” उत्तर चटकन आले नाही तर पुढची घासाघीस करण्यात अर्थ नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. पंख्याची किंमत कशाने मोजावी? कारखान्याच्या पंपाचा हिशेब सरळ आहे. त्याला विजेचे बिल येते. सेकंदाला १० लिटर पाणी २६ मीटर चढविण्यास, पंपाची कार्यक्षमता शेकडा ६० असता, दांड्यावर सव्वाचार किलोवॉट लागतात. ती ५० वर आली की पाचाच्या वर. वर्षाकाठी दोन हजार तास पंप चालत असेल तर सुमारे दोन हजार युनिटांचा फरक पडतो. तो दराने गुणला की स्वस्त पंख्यात वाचलेले पैसे कुठे गेले ते कागदावर दिसते.

शेतीपंपाचे तसे नाही. कर्नाटकात दहा अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांस वीज मोफत आहे. सीमेपलीकडे महाराष्ट्रानेही २०२४ साली साडेसात अश्वशक्तीपर्यंत ती मोफत केली. त्यामुळे गिऱ्हाईक म्हणते, “वीज फुकट आहे, मग पंखा कसा का असेना.” आणि आपण दुकानदारही मान डोलावतो, कारण स्वस्त मालावर सुटणारा नफा बहुधा अधिकच असतो. हा हिशेब चुकीचा आहे. वीज फुकट असली तरी ती मोजकी आहे. थ्री-फेज वीज दिवसाचे सातेक तास मिळते, आणि त्या तासांतच रान भिजवावे लागते. सेकंदाला १० लिटर म्हणजे सात तासांत अडीच लाख लिटर. एका एकरावर दोन इंच पाणी उभे करावयाचे तर दोन लाखांच्या वर लिटर लागतात. पाच एकरांची पाळी चार दिवसांत संपते. पाणी आठ लिटरवर आले की तीच पाळी पाच दिवसांवर जाते. एप्रिल-मे महिन्यांत, नदीचे पात्र खाली गेलेले असताना आणि उपशाचे दिवस ठरवून दिलेले असताना, हा एक दिवस कोठून आणावयाचा? आप्पांच्या शेवटच्या सरी वाळल्या त्या ह्या एका दिवसापायी. बिलात न दिसणारी ही किंमत उसाच्या टनांत भरावी लागते, आणि ती भरताना दुकानदार समोर नसतो.

म्हणून आता आम्ही दुकानात पंखा मागणाऱ्यास प्रथम पंखा दाखवीतच नाही. पाणी कमी झाले म्हणजे काय झाले ते विचारतो. पुष्कळ वेळा पंख्याचा दोषच नसतो. खेड्यात ज्याचा ‘फुटबॉल’ झाला आहे तो फूट व्हॉल्व्ह गाळाने अडलेला असतो, किंवा ग्लँडची दोरी संपून दांड्याजवळून हवा ओढली जात असते. ही दुरुस्ती चहापाण्याच्या खर्चात होते. त्याहून अधिक दुर्लक्षित वस्तू म्हणजे वेअर रिंग. पंख्याचे तोंड आणि कवच ह्यांच्यामध्ये ही कडी असते, आणि दोहोंत केसाइतकीच फट असावी लागते. वाळूने ती फट रुंदावली की पंख्याने कडेला फेकलेले पाणी मागच्या मागे पुन्हा तोंडात शिरते; पंप तेच तेच पाणी घुसळीत राहतो. कडी बदलली, गरज पडल्यास पंख्याचे तोंड लेथवर साफ करून त्या मापाची कडी बसविली, की जुनाच पंखा आणखी दोन-तीन हंगाम काढतो. सर्वांत स्वस्त बदली पंखा म्हणजे न बदललेला पंखा, असे मी गिऱ्हाइकांस सांगतो. माझ्या मुलास हे फारसे रुचत नाही.

पंखा बदलणे खरोखरच भाग असेल तर मापे नीट घ्यावीत. नुसते ‘साडेसातचा पंखा द्या’ म्हणणे म्हणजे ‘पाच माणसांच्या घरासाठी चपला द्या’ म्हणण्यासारखे आहे. पंपाच्या पत्रीवरील चढ, पाणी आणि फेरे उतरून घ्यावेत. महापुरानंतर त्या पत्र्या गंजून वाचता येईनाशा झाल्या, तेव्हा आजच लिहून ठेवलेल्या बऱ्या. पंख्याचा बाहेरचा व्यास, तोंडाचा व्यास, कडेजवळील वाटेची रुंदी, पात्यांची संख्या, भोक आणि चावीची खाच ही मापे घ्यावीत. आणि पाती कोणत्या बाजूस वळलेली आहेत हे पाहावे. फिरताना पात्यांची पाठ पुढे आणि टोके मागे राहिली पाहिजेत. उलट हाताचा पंखा भोकात बसतो, फिरतोही, थोडे पाणीही देतो. म्हणूनच तो ओळखू येत नाही. तीच गोष्ट वायरमनने दोन फेज उलट जोडल्या तर घडते. नवा पंखा बसवून पाणी कमी आले तर पंख्यास दोष देण्यापूर्वी पंप कोणत्या बाजूने फिरतो ते पाहून घ्यावे.

तोल हा पुढचा भाग. पंख्याच्या एका बाजूस कडेजवळ केवळ पाच ग्रॅम धातू अधिक असेल, तर २८८० फेऱ्यांवर ते पाच ग्रॅम दांड्यास सुमारे साडेतीन किलोच्या जोराने ओढतात. आणि ही ओढ सेकंदाला अठ्ठेचाळीस वेळा दिशा बदलते. बेअरिंग लवकर जातात, ग्लँड गळते, आणि वर्षभरात पंख्यात वाचलेले पैसे मिस्त्री घेऊन जातो. तोललेल्या पंख्यावर बहुधा एखाद्या ठिकाणी धातू छिलल्याची खूण दिसते. ती नसेल तर गुळगुळीत सळईवर पंखा अडकवून दोन आडव्या पट्ट्यांवर सोडावा. दर वेळी तीच बाजू खाली येत असेल तर तोल नाही असे समजावे. मंद १४४० फेऱ्यांच्या पंपात हा दोष चौपटीने सौम्य असतो, तेव्हा तेथे थोडी सवलत देण्यास हरकत नाही.

धातूविषयी आपल्याकडे एक ठाम समजूत आहे की गनमेटल ते उत्तम आणि बीड ते हलके. ती अर्धीच खरी. गनमेटलमध्ये शेकडा ८५ तांबे आणि प्रत्येकी ५ कथील, शिसे व जस्त असते. ते गंजत नाही आणि गुळगुळीत ओतले जाते. म्हणून स्वच्छ पाण्याच्या विहिरीस आणि महिनोन्महिने बंद राहणाऱ्या पंपास ते उत्तम. बिडाचा पंखा बंद पडून राहिला तर गंजाने कवचास चिकटतो. पण जेथे पुरानंतर वाळू आणि गाळ येतो, तेथे मऊ गनमेटल झिजते आणि कठीण बीड टिकते. नदीकाठच्या रोज चालणाऱ्या पंपास चांगल्या ओतकामाचा बिडाचा पंखा घेणाऱ्याने संकोच करू नये. तेथे स्वस्त तेच योग्य आहे. मात्र गनमेटलच्या नावाखाली पितळ विकले जाते त्यापासून सावध असावे. लेथने ताजा छिललेला भाग पाहावा : गनमेटलला तांबूस झाक असते, पितळ पिवळे दिसते.

आणखी एका स्वस्त उपायाविषयी सांगावयाचे आहे. योग्य मापाचा पंखा न मिळाल्यास थोडा मोठा घेऊन लेथवर बाहेरचा व्यास कमी करून घेता येतो. मूळ व्यासाच्या शेकडा दहापर्यंत हे सुरक्षित आहे; त्यापुढे कवच आणि पंखा ह्यांमधील अंतर वाढून कार्यक्षमता पडू लागते. पण मोठा पंखा तसाच बसविण्याचा मोह टाळावा. ‘पाणी जोरात येते’ म्हणून गिऱ्हाईक दोन दिवस खूश असते. व्यास शेकडा दहाने वाढला की मोटारीवरील भार तिसऱ्या हिश्श्याने वाढतो, आणि तिसऱ्या दिवशी गुंडाळी जळते. पावसाळ्यात तर नदी फुगून चढ कमी झालेला असतो. तेव्हा पाणी अधिक फेकले जाते आणि मोटार मूळच्याच पंख्यावर ओढीत चालते. त्या दिवसांत व्हॉल्व्ह थोडा आवळून चालवावे. हे मी येथील एका जुन्या मिस्त्रीकडून शिकलो.

आप्पांना आम्ही मूळ मापाचा पंखा दिला, आणि पहिल्याचे पैसे परत केले. त्या पोत्यातील उरलेले पंखे भंगारात मोडले. ज्यांना ते विकले होते त्यांपैकी सातजणांना शोधून बदलून दिले, बाकीचे कोण होते ते आमच्या बिलबुकात नीट लिहिलेले नव्हते. तेव्हापासून दुकानात एक वही आहे. तीत प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पंपाची मापे असतात, आणि नवा पंखा बसविल्यावर पीप किती सेकंदांत भरले तेही असते. जुना पंखा आम्ही त्याच दिवशी मोडीत घेत नाही. गनमेटलचा असला तर त्याचे वजन करून भंगाराची किंमत सांगतो, पण गिऱ्हाइकास तो परत घरी न्यावयास लावतो. नवा पंखा आठ दिवस चालून पाणी मोजून झाले म्हणजे मग आणा, असे सांगतो. कारण तोपर्यंत त्या पंपाचे मूळ माप सांगणारा दुसरा साक्षीदार कोणी नसतो.